थांबला तो जिंकला

१८ जुलै १९८२. इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर फॉर्म्युला वन मोटारींची ब्रिटिश ग्रां प्री सुरू व्हायची होती. ब्रॅबहॅम संघाच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्याच्या जागेत, त्या दिवशी दाबाखाली इंधन भरणाऱ्या टाक्या आणि जाडजूड नळ्या मांडलेल्या होत्या. तोवरचा रिवाज असा, की मोटारीची टाकी सुरुवातीलाच काठोकाठ भरायची आणि टायर फुटला नाही, पाऊस आला नाही, तर तीनशे किलोमीटरची शर्यत एका दमात संपवायची. मोटार पिटमध्ये शिरली म्हणजे काहीतरी बिघडले, असेच बघणारा समजे. ‘थांबला तो संपला’ हे आपल्याकडचे वचन या खेळाचा जणू कायदा होता. पण ब्रॅबहॅमचे दोन्ही चालक, ब्राझीलचा नेल्सन पिके आणि इटलीचा रिकार्डो पत्रेसे, अर्ध्या भरलेल्या टाकीनिशी रांगेत उभे होते. आपण मध्येच थांबणार, हे त्यांनी आधीच ठरवले होते.

पत्रेसेची मोटार सुरुवातीलाच बंद पडली आणि मागून आलेली मोटार तिच्यावर आदळली. पिके मात्र सुटला तो सुटलाच. हलक्या मोटारीने तो फेरीगणिक पुढे निघून जात होता. दहा फेऱ्या पुऱ्या व्हायच्या आत इंधनपुरवठ्यातल्या बिघाडाने त्यालाही शर्यत सोडावी लागली. त्या नळ्यांतून एक थेंबही मोटारीत गेला नाही.

तरीही या खेळाच्या इतिहासात ती दुपार महत्त्वाची आहे. तिथपासून २००९ पर्यंत, मधली दहा वर्षे वगळता, कितीतरी ग्रां प्रींचा निकाल ट्रॅकवर न लागता पिटमध्ये लागला. शर्यत ही एका माणसाच्या धाडसाची गोष्ट होती, ती वीस जणांच्या मेळाची झाली. त्या काळाची ही कहाणी आहे.

मरेचा हिशेब

या कल्पनेमागचा माणूस म्हणजे ब्रॅबहॅमचा रचनाकार गॉर्डन मरे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. संघाचे मालक बर्नी एकलस्टन. मरेचा हिशेब कागदावर अगदी साधा होता. मोटार जितकी जड तितकी ती सावकाश वेग घेते, उशिरा थांबते आणि वळणावर टायरांना जास्त रगडते. आजही संघ ढोबळमानाने असेच गणित धरतात, की दहा किलो इंधन जास्त असेल तर एका फेरीला सुमारे तीन दशांश सेकंद जास्त लागतात. ऐकायला हा फरक नगण्य वाटतो. पण भरलेल्या टाकीचे वजन दीडशे किलोच्या वर जाई. त्यातले निम्मे उतरवले तर सुरुवातीच्या प्रत्येक फेरीत दोन सेकंदांच्या आसपास वाचतात, आणि थेंबे थेंबे तळे साचते तसे पंचवीस-तीस फेऱ्यांत हातात भरपूर वेळ साचतो. शिवाय हलक्या मोटारीला मऊ रबराचे टायर चालतात. ते लवकर झिजतात, पण जमीन घट्ट धरतात. झिजले तरी बिघडत नाही, कारण थांबल्यावर नवे मिळणारच असतात.

जमेची बाजू ही. खर्चाच्या बाजूला थांबण्याचा वेळ. पिटमध्ये शिरताना वेग कमी करावा लागतो, मग मोटार उभी राहते, मग पुन्हा वेग घ्यायचा, आणि नवे टायर गार असल्याने पहिल्या फेरीत ते धड पकड घेत नाहीत. मरेने यातली एकेक गळती हेरली आणि बुजवली. इंधन आपोआप उतरण्याची वाट न पाहता ते दाबाने आत ढकलायचे. मोटार उचलायला तिच्या पोटातच हवेवर चालणारे जॅक बसवायचे. टायर आधीच तापवून ठेवायचे, त्यासाठी गॅसवर तापणारी कपाटे बनवायची. आणि मेकॅनिकांकडून हा सगळा खेळ घड्याळ लावून पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. जमा खर्चापेक्षा जास्त झाली, की थांबणारा पुढे.

कल्पना अगदीच नवी नव्हती. ‘पिट’ या शब्दाचा अर्थच खड्डा. १९०८ साली फ्रान्समध्ये द्येप इथल्या शर्यतीत संघांसाठी प्रेक्षकांच्या सज्जासमोर खंदक खणले होते, तिथून तो शब्द आला असे सांगतात. आणि ४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगवर अर्जेंटिनाच्या जुआन मॅन्युएल फांजिओने हाच डाव टाकला होता. एका फेरीला तब्बल बावीस किलोमीटरहून जास्त अंतर, अशा बावीस फेऱ्या. समोर माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स यांच्या फेरारी मोटारी, न थांबता जाणाऱ्या. फांजिओने आपली मासेराती अर्ध्या टाकीवर काढली, आघाडी घेतली आणि बाराव्या फेरीअखेर तो थांबला. पण चाक बदलताना एक नट घरंगळला, शोधाशोध झाली, आणि पन्नास सेकंदांहून जास्त वेळ गेला. मिळवलेली आघाडी तर गेलीच, वर तो पाऊण मिनिटाहून अधिक मागे पडला. त्यानंतर सेहेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने फेरीचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला, शेवटून दुसऱ्या फेरीत दोन्ही फेरारींना ओलांडले आणि सुमारे साडेतीन सेकंदांनी शर्यत जिंकून आपले पाचवे जगज्जेतेपद पक्के केले. जगाने या शर्यतीत चालकाचा पराक्रम पाहिला आणि तो योग्यच होता. पण त्या पराक्रमाची गरज का पडली, तर पिटमध्ये एक नट सांडला म्हणून. मरेला तो नट सांडू द्यायचा नव्हता.

ऑस्ट्रियातली पहिली परीक्षा

ब्रँड्स हॅचनंतर फ्रान्समध्ये दोन्ही ब्रॅबहॅम पुढे होत्या, दोघींची इंजिने थांबण्याआधीच बसली. मग जर्मनी. हॉकेनहाइमवर पिके मोठ्या आघाडीवर असताना एलिसेओ सालाझार या मागे पडलेल्या चालकाला ओलांडायला गेला, दोघांची टक्कर झाली, आणि संतापलेल्या पिकेने ट्रॅकच्या कडेला त्याच्यावर हात आणि पायही उगारला. ते चित्रण आजही दाखवतात. त्या रागामागे पिटमध्ये ताटकळणारे मेकॅनिकही होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. सलग तीन शर्यती ते नळ्या धरून उभे होते आणि मोटार काही येत नव्हती.

१५ ऑगस्टला ऑस्ट्रियात ती आली. पिके थांबला, इंधन आत गेले, टायर बदलले. नंतर पत्रेसे थांबला आणि आघाडी न गमावता ट्रॅकवर परतला. काही फेऱ्यांतच त्याचे इंजिन गेले, पिकेलाही शर्यत पुरी करता आली नाही. पण सिद्ध व्हायचे ते सिद्ध झाले होते. थांबूनही पहिले राहता येते, हे पिटमधल्या प्रत्येक संघाने डोळ्यांनी पाहिले.

पुढच्या वर्षी मरेने ब्रॅबहॅमची नवी मोटार लहान टाकीचीच बनवली, कारण ती थांबणार हे ठरलेलेच होते. इतर संघांनीही नळ्या आणल्या. धोक्याची चुणूकही लगेच मिळाली. १९८३च्या ब्राझील ग्रां प्रीत विल्यम्स संघाच्या केके रॉसबर्गच्या मोटारीने इंधन भरताना पेट घेतला. तो उडी मारून बाहेर पडला, आग विझल्यावर परत आत बसला आणि दुसरा आला; पण मोटार ढकलून सुरू केल्याबद्दल तो क्रमांक काढून घेतला गेला.

१५ ऑक्टोबर १९८३ला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीवर शेवटची शर्यत होती. जगज्जेतेपदासाठी पिकेच्या पुढे रेनॉचा अ‍ॅलन प्रॉस्ट उभा होता. ब्रॅबहॅमने पिकेला अगदी कमी इंधन देऊन सोडले. तो इतक्या वेगाने पुढे गेला की त्याचा पाठलाग करणाऱ्यांना आपली इंजिने ताणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. प्रॉस्टचा टर्बो बिघडला आणि तो बाहेर पडला. पिकेने मग वेग आवरता घेतला आणि तिसरा क्रमांक पुरेसा मानला. अवघ्या दोन गुणांनी तो जगज्जेता झाला. मरेच्या हिशेबाला यापरती पावती नव्हती.

आणि लगेच १९८४पासून शर्यतीत इंधन भरायला बंदी आली. एका शर्यतीला २२० लिटर, तेवढ्यात भागवा, असा नवा नियम झाला. टायर बदलायला थांबणे चालूच राहिले, पण इंधनाच्या नळ्या दहा वर्षे गुंडाळून ठेवल्या गेल्या.

पुन्हा नळ्या, पुन्हा आग

१९९४मध्ये त्या परत आल्या. शर्यती रंगतदार व्हाव्यात, हा हेतू. या वेळी मात्र सगळ्या संघांना एकाच बनावटीचे यंत्र सक्तीचे होते आणि त्यातून सेकंदाला सुमारे बारा लिटर इंधन येई. हा नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. १९८३मध्ये चढाओढ होती ती इंधन कोण जास्त वेगाने भरतो याची. आता सगळ्यांची धार सारखीच. चार चाके बदलायला चार सेकंद पुरत, इंधनाला सात, आठ, कधी दहा. म्हणजे चाके बदलून झाली तरी मोटार नळीला बांधलेली. तेव्हा चढाओढ उरली ती एवढीच : किती भरायचे आणि केव्हा भरायचे. खेळाचे केंद्र हातांतून डोक्याकडे सरकले.

पहिल्याच शर्यतीत हे दिसले. २७ मार्च १९९४, साओ पाउलो. आयर्टन सेना घरच्या लोकांसमोर पुढे, मागे बेनेटन संघाचा तरुण मायकेल शुमाकर. एकविसाव्या फेरीत दोघेही एकापाठोपाठ पिटमध्ये शिरले. बाहेर पडताना शुमाकर पुढे होता. ट्रॅकवर एकाही वळणावर ओलांडणे झाले नाही, आणि आघाडी बदलली. त्याला गाठण्याच्या धडपडीत सेनाची मोटार गरकन फिरून बंद पडली.

१ मेच्या इमोलाच्या शर्यतीत सेना गेला. त्याच शर्यतीत मिकेले अल्बोरेतोच्या मोटारीचे चाक पिटमधून निघताना निसटले आणि मेकॅनिकांना लागले. त्यानंतर पिटच्या रस्त्यावर वेगमर्यादा आली. आज ती इतकी स्वाभाविक वाटते, की त्याआधी मोटारी माणसांच्या अंगावरून जाव्यात तशा भरवेगात जात, हे खरे वाटत नाही.

आणि ३१ जुलैला हॉकेनहाइम. बेनेटनचा दुसरा चालक, नेदरलँड्सचा यॉस व्हर्स्टॅपन, पंधराव्या फेरीत इंधनासाठी थांबला. नळीच्या तोंडातून इंधन उसळले, तापलेल्या मोटारीवर पडले, आणि क्षणात मोटार, चालक आणि भोवतालची माणसे आगीच्या लोळात दिसेनाशी झाली. काही सेकंदांत आग विझली. व्हर्स्टॅपन आणि काही मेकॅनिक भाजले, जीव सगळ्यांचे वाचले. यंत्रातली गाळणी काढून टाकल्याचे चौकशीत पुढे आले. तेच आगीचे कारण होते हे संघाला मान्य नव्हते. दोनच आठवड्यांनी हंगेरीत तोच व्हर्स्टॅपन पुन्हा तशाच नळीसमोर थांबला आणि कारकिर्दीत प्रथमच तिसरा आला. त्या नळीसमोर पुन्हा उभ्या राहिलेल्या मेकॅनिकांची नावे मात्र निकालपत्रात नसतात.

एकोणीस फेऱ्या, पंचवीस सेकंद

या काळातला सर्वांत मोठा डाव पाहायचा तर १६ ऑगस्ट १९९८च्या बुडापेस्टला जायला हवे. हंगारोरिंग हा वळणावळणांचा, अरुंद ट्रॅक. समोरच्याला ओलांडणे इथे फार अवघड. त्या वर्षी मॅक्लारेनच्या मोटारी जोरात होत्या. मिका हॅकिनेन पहिला, डेव्हिड कुल्टहार्ड दुसरा उभा होता. तिसरा शुमाकर, आता फेरारीत. फेरारीच्या पिट वॉलवर, म्हणजे ट्रॅकलगतच्या ज्या भिंतीपाशी बसून संघ डाव आखतात तिथे, तांत्रिक संचालक रॉस ब्रॉन. बेनेटनमध्येही शुमाकरचे डावपेच आखणारे तेच.

सगळ्यांचा बेत दोनदा थांबण्याचा. पहिल्या थांब्यानंतर शुमाकर जॅक व्हिल्नव्हच्या विल्यम्समागे अडकला आणि मॅक्लारेन पुढे निघून गेल्या. याच बेताने गेले तर तिसरा क्रमांक ठरलेला. ब्रॉनने तेव्हा बेतच मोडला : दोनऐवजी तीनदा थांबायचे. जास्तीच्या एका थांब्याने वीस-पंचवीस सेकंद जाणार, पण मोटार सतत हलकी राहणार आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, समोर कुणी नसलेला मोकळा रस्ता मिळणार.

त्रेचाळिसाव्या फेरीत शुमाकर इतरांच्या आधी आत आला. थोडेसेच इंधन, म्हणून थांबाही छोटा. मॅक्लारेनला वाटले, हा त्याचा शेवटचा थांबा. पुढच्या फेरीत कुल्टहार्ड आत आला, दोन फेऱ्यांनी हॅकिनेन. दोघेही शेवटपर्यंत पुरेल इतके इंधन घेऊन, जड होऊन बाहेर पडले, आणि दोघेही शुमाकरच्या मागे. मग ब्रॉनने रेडिओवरून शुमाकरला काम सांगितले. एकोणीस फेऱ्या आहेत, पंचवीस सेकंद मिळव.

वाचकाने क्षणभर या मागणीचा अर्थ लावून पाहावा. दर फेरीला सव्वा सेकंदाहून जास्त, तेही जगातल्या सर्वांत वेगवान मोटारींच्या पुढे, सलग एकोणीस वेळा. एखादी फेरी चुकली तर पुढच्या फेऱ्यांवर तिचे कर्ज. आणि चूक झालीही. बावन्नाव्या फेरीत शेवटच्या वळणावर तो गवतात घसरला आणि काही सेकंद गेले. त्याने ते भरून काढले. मागे हॅकिनेनच्या मोटारीत बिघाड होऊन तो मंदावला होता आणि कुल्टहार्ड काही काळ त्याच्यामागे अडकून पडला. नशिबाने तेवढी साथ दिली. बासष्टाव्या फेरीत शुमाकर तिसऱ्यांदा थांबला आणि बाहेर पडला तेव्हाही पहिलाच होता. सत्त्याहत्तर फेऱ्यांअखेर तो कुल्टहार्डच्या नऊ सेकंद पुढे होता. हॅकिनेन सहावा. त्या वर्षीचे जगज्जेतेपद पुढे हॅकिनेननेच जिंकले, पण त्या दिवशी दोघांमधले अंतर सोळा गुणांवरून सातवर आले.

बुद्धिबळात सोंगटी गमावून डाव जिंकतात, तसा हा विजय होता. पण तेवढ्यावर थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. ब्रॉनचे गणित बिनचूक होते, तरी ते गणित मोटारीत बसून सोडवणारा माणूस नसता तर तो नुसता कागद राहिला असता. आणि तिन्ही थांब्यांत एक नट जरी सांडला असता तर दोघांचेही कष्ट मातीत गेले असते. डोके, हात आणि पाय एकाच वेळी चालले, म्हणून ते घडले.

सहा वर्षांनी, ४ जुलै २००४ रोजी फ्रान्समध्ये मन्यी-कूर इथे फेरारीने याच विचाराचे टोक गाठले. रेनॉचा फर्नांडो अलोन्सो पुढे होता आणि शुमाकरला त्याला ओलांडता येत नव्हते. तिथला पिटचा रस्ता आखूड, आत शिरून बाहेर पडायला वेळ कमी लागे. फेरारीचे लुका बाल्दिसेरी यांनी हे हेरले. शुमाकर तब्बल चार वेळा थांबला आणि आठ सेकंदांनी जिंकला. त्या मोसमातल्या पहिल्या दहा शर्यतींतला तो त्याचा नववा विजय. चार वेळा थांबणे म्हणजे पूर्वी नामुष्की ठरली असती, आता ते विजयाचे कारण झाले.

हातातून निसटलेले

पण याच फेरारीने पिटमध्ये काय गमावले, तेही सांगायला हवे. २६ सप्टेंबर १९९९, न्युर्बुर्गरिंग. पाय मोडल्यामुळे शुमाकर त्या वर्षी कित्येक शर्यतींना मुकला होता आणि जगज्जेतेपदाची आशा एडी अर्व्हाइनवर होती. पावसाच्या लहरीत तो टायर बदलायला आत आला. मोटार उचलली, चाके काढली, आणि चौथे चाक जागेवर नव्हतेच. फेरारीची मोटार तीन चाकांवर उभी राहिली, मेकॅनिक चाक शोधायला धावले, सेकंद जात राहिले. अर्व्हाइनला त्या शर्यतीत एकही गुण मिळाला नाही. वर्षाअखेर तो दोन गुणांनी जगज्जेतेपदाला मुकला. फांजिओच्या सांडलेल्या नटापासून तोवर बेचाळीस वर्षे लोटली होती.

२८ सप्टेंबर २००८ची सिंगापूरची शर्यत तर या साऱ्या युगावर सावली टाकून गेली. फॉर्म्युला वनची ती रात्री झालेली पहिलीच शर्यत. फेरारीचा फेलिपे मासा पुढे होता. चौदाव्या फेरीच्या सुमारास रेनॉच्या चालकाची मोटार भिंतीवर आदळली, सगळ्यांना मंद वेगात आपल्यामागे ठेवणारी सेफ्टी कार आली, सगळे पिटकडे धावले. फेरारीत तेव्हा केव्हा निघायचे ते सांगणारा फलक धरून उभ्या राहणाऱ्या माणसाऐवजी दिव्याची सोय होती. हिरवा दिवा लागला, पण इंधनाची नळी अजून मोटारीत अडकलेलीच होती. मासा नळी ओढत निघाला. एक मेकॅनिक खाली पडला, बाकीचे पिटच्या रस्त्याच्या टोकापर्यंत धावत गेले आणि त्यांनी ती उपसून काढली. ‘अति घाई संकटात नेई’ ही आपल्या घाटरस्त्यांवरची पाटी त्या रात्री तिथे लावावी अशी होती. मासा तेरावा आला. मोसमाअखेर लुईस हॅमिल्टन त्याच्यापेक्षा फक्त एका गुणाने पुढे राहिला.

ती शर्यत पंधराव्या क्रमांकावरून निघालेल्या अलोन्सोने जिंकली. तो इतरांच्या आधीच इंधन घेऊन आला होता, त्यामुळे सेफ्टी कारचा लाभ त्यालाच झाला. वर्षभराने उघड झाले, की तो अपघात अपघात नव्हताच. संघातल्या वरिष्ठांनी सांगितल्यावरून चालकाने मोटार मुद्दाम भिंतीवर घातली होती. संघाचे प्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे आणि अभियंते पॅट सिमंड्स यांच्यावर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने बंदी घातली. पुढे फ्रान्सच्या न्यायालयाने ती बंदी उठवली. मोटार भिंतीवर घालणाऱ्या त्या चालकाचे नाव होते नेल्सन पिके ज्युनिअर. १९८२च्या त्या दुपारी अर्ध्या टाकीनिशी ब्रँड्स हॅचवर उभ्या असलेल्या पिकेचा तो मुलगा.

या योगायोगाने मन खिन्न होते. बापाच्या मोटारीवर जी युक्ती जन्मली, तिची सगळी चमक कष्टाची होती : तापवलेले टायर, मोजलेले सेकंद, पुन्हा पुन्हा केलेला सराव. सव्वीस वर्षांनी मुलाच्या मोटारीवर त्याच युक्तीचे कपट झाले. डावपेच आणि फसवणूक यांच्यातली रेषा बारीक असते असे म्हणतात. मला ती इथे चांगली जाड दिसते. ब्रॉनने प्रतिस्पर्ध्याला चकवले ते नियमात राहून, आणि आपल्याच माणसाच्या पराक्रमावर विसंबून. सिंगापुरात एका तरुण चालकाचा जीव पणाला लावला गेला.

नळ्या गेल्या, थांबणे राहिले

यंत्रे जगभर वाहून नेण्याचा खर्च आणि आगीचा धोका, या दोन कारणांनी २०१०पासून शर्यतीत इंधन भरणे पुन्हा बंद करायचे ठरले. निघताना नळ्यांनी शेवटचा इशारा दिला. १८ ऑक्टोबर २००९ला ब्राझीलमध्ये हेकी कोवालाइनेनची मोटार नळी घेऊनच निघाली आणि मागून येणाऱ्या किमी रायकोनेनच्या मोटारीवर इंधन उडून ती क्षणभर पेटली. त्याच शर्यतीत जेन्सन बटनचे जगज्जेतेपद नक्की झाले, आणि ते ज्या संघाकडून, तो संघ रॉस ब्रॉन यांच्या स्वतःच्या नावाचा होता. १ नोव्हेंबरला अबू धाबीत नळ्यांनी शेवटचे इंधन भरले.

त्यानंतर सगळा भर टायरांवर आला. इंधनाची वाट पाहायची नसल्याने थांबा दोन-तीन सेकंदांवर आला. डावपेचही उलटे झाले. पूर्वी उशिरा थांबणारा फायद्यात राही, कारण थांबण्याआधीच्या फेऱ्यांत त्याची मोटार सर्वांत हलकी असे. आता लवकर थांबणारा नव्या टायरांच्या जोरावर पुढे सटकतो. भारतानेही हे आपल्या मातीवर पाहिले. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिल्या स्थानावरून निघालेला सेबास्टियन व्हेटेल दुसऱ्याच फेरीअखेर मऊ टायर उतरवायला थांबला आणि सतराव्या क्रमांकावर फेकला गेला. तिथून वर येत त्याने शर्यतही जिंकली आणि सलग चौथे जगज्जेतेपदही.

१७ नोव्हेंबर २०१९ रोजी, पुन्हा ब्राझीलमध्येच, रेड बुल संघाने चार चाके १.८२ सेकंदांत बदलली. तेव्हाचा तो जागतिक विक्रम. मोटारीत बसला होता मॅक्स व्हर्स्टॅपन, १९९४ला हॉकेनहाइमच्या आगीतून वाचलेल्या यॉसचा मुलगा. २०२३मध्ये कतारला मॅक्लारेनने तो विक्रम १.८० सेकंदांवर आणला.

पुढच्या वेळी ग्रां प्री पाहाल तेव्हा मोटार पिटमध्ये शिरली की नजर हलवू नका. गुडघ्यावर टेकलेली, हात पुढे केलेली ती वीसेक माणसे पाहा. त्या दोन सेकंदांसाठी त्यांनी महिनोन्महिने सराव केलेला असतो, आणि त्यातल्या एकाचा हात चुकला तर फांजिओलाही विक्रम मोडून भरपाई करावी लागते. विजयाची बाटली चालक उघडतो, पण ती शर्यत तुमच्यासमोर जिंकली गेलेली असते ती मोटार थांबलेली असताना.